देवाला न दिलेले केस

वालूरात मला नवसाची पोरगी म्हणतात. कुणाकडे पाहुणा आला आणि मी रस्त्याने जाताना दिसले, की शेजारीण दाखवून द्यायची: ही ती, हिचे केस देवाला दिले आणि ही वाचली. मी चप्पल घासत पुढे निघून जायचे. एवढं मोठं खोटं आपल्या नावावर चालू असताना आत काहीतरी व्हायला पाहिजे, असं मला वाचून माहीत होतं. मला काही होत नसे.

खरी गोष्ट अशी की सातव्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला. अप्पा, म्हणजे माझे वडील, गावात भुसाराचं दुकान चालवायचे. ते दुकान काकांवर सोडून मला मुंबईच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि गावात सांगितलं की पोरगी मामाकडे शिकायला ठेवली आहे. चार महिन्यांनी मला पहिल्यांदा घरी आणायची वेळ आली तेव्हा माझ्या डोक्यावर एक केस नव्हता. भुवयाही नव्हत्या. मुलाचं डोकं भादरलेलं दिसलं तर गाव मान वर करून बघत नाही. मुलीचं दिसलं की विचारतं.

अप्पांनी त्यावर तोड काढली. मामाकडे पोरीला ताप धरला, वाचते की नाही असं झालं, कर्नाटकात आमचं कुळदैवत आहे, त्याला नवस बोललो आणि बापलेकरांचे केस दिले, असं सांगायचं ठरलं. ते खरं वाटावं म्हणून त्यांनी मुंबईतच एका न्हाव्यापुढे बसून स्वतःचं डोकं साफ करून घेतलं आणि सोबत आलेल्या माझ्या धाकट्या भावाचंही करवलं. वालूरच्या स्टँडवर एसटीतून आमची तीन टकली उतरली. पारावरच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. आईने दारात आमच्या पायांवर पाणी घातलं आणि गल्लीतल्या बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

देवही अप्पांनी हिशेबाने निवडला होता. इतका लांबचा, की कुणी पडताळायला जाणार नाही. गाव कोणतं असं विचारलं की ते 'विजापूरच्या पुढं' एवढंच सांगायचे. पुढची अडीच वर्षं दर वेळी उपचाराला निघताना आम्ही 'देवाला चाललो' म्हणून निघायचो. त्यामुळे गावाच्या लेखी मी कॅन्सरची मुलगी कधी झालेच नाही, सगळ्यांत धार्मिक मुलगी झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची. कॅन्सर हा शब्द घरातून बाहेर पडला तर पोरीला कुणी करून घेणार नाही आणि पोराला कुणी पोरगी देणार नाही, अशी तिची खात्री होती. ती चुकत होती असं मी म्हणणार नाही, तेव्हाचं गाव मलाही माहीत आहे.

मी बरी झाले. केस आले, आधीपेक्षा कुरळे आले. बाकी एक गोष्ट मात्र गेली ती गेलीच. दहावीचा निकाल लागला तेव्हा अप्पांनी पेढे वाटले, मला पेढा गोड लागला, त्यापुढे काही नाही. कॉलेजातल्या मैत्रिणीचा नवरा अपघातात गेला. मी तिच्याजवळ दिवसभर बसले, तिला पाणी पाजलं, घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या आणि झोपले. लोक मला सोशिक म्हणतात. सोशिक माणसाला निदान सोसावं तरी लागतं.

पुढे मी परभणीत माती तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले. एक खोली भाड्याने घेतली. शेतकरी पिशवीत माती आणून देतात, आम्ही तिच्यात काय आहे, काय नाही ते कार्डावर लिहून देतो. एकदा एक आजोबा म्हणाले होते की बाई तुमी तर मातीचं रक्त तपासता. सगळे हसले. मीही हसले, हसायचं कधी ते मला येतं.

दर वर्षी आमच्या आवारात रक्तदानाचा मांडव पडतो. लहानपणी असा आजार झालेल्यांचं रक्त घेत नाहीत, म्हणून मी दर वर्षी हिमोग्लोबिन कमी असल्याचं सांगून सुटायचे. तीन वर्षांपूर्वी मी अशीच रांगेतून बाहेर पडत होते. मांडवात पंखे लावायला पिंगळीचा एक इलेक्ट्रिशियन आला होता, पंचविशीतला, एक पाय जरा ओढत चालणारा. शिबिराच्या डॉक्टरांनी त्याला गमतीने हाक मारली, की नुसतेच पंखे लावतो का, बाटलीभर रक्तही देऊन जा. तो शिडीवरून खाली न उतरता म्हणाला, "साहेब, मला लहानपणी कॅन्सर झाला होता. माझं चालत न्हाई."

तो हळू बोलला नाही. इकडेतिकडे बघितलं नाही. चार माणसांनी माना वळवल्या, त्याने वायर दातात धरली आणि काम पुढे चालू केलं. पंचवीस-तीस माणसांत हा शब्द कुणी नेहमीच्या आवाजात उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला. मी शिडीखाली जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्याने वरून माझ्याकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "कोणता?"

"रक्ताचा," मी म्हणाले.

"माझा हाडाचा," तो म्हणाला, आणि मला पक्कड वर द्यायला सांगितली.

त्याच्याकडून मला रविवारच्या बैठकीचं कळलं. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी वसमत रोडवरच्या एका शिकवणी वर्गाच्या खोलीत आठ-दहा माणसं जमतात, सगळी लहानपणी कॅन्सर होऊन वाचलेली. मला वाटलं रडारड असेल, मेणबत्त्या वगैरे असतील. प्रत्यक्षात बहुतेक वेळ दातांवर बोलणं चाललं होतं. लहान वयात ती औषधं घेतली की दात खराब येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तर आमच्या बोअरच्या पाण्याला दोष देत होते. कुणाची उंची राहिली होती, कुणाला थायरॉईड होता, कुणी विसरभोळा होता आणि सगळं आजारावर ढकलून बायकोची बोलणी चुकवत होता. फळ्यावर वर्गातलं अर्धवट गणित तसंच होतं. चिवडा होता, चहा होता.

तिथे पन्नाशीच्या एक मावशी यायच्या. त्यांना स्वतःला काही झालेलं नव्हतं. त्यांचा मुलगा वाचला नव्हता. तरी त्या येत, कोपऱ्यात बसून चहा गाळत. चौथ्या-पाचव्या बैठकीला एक जण बोलता बोलता रडला, त्याच्यामागोमाग आणखी दोघं रडली, आणि मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसले होते. नंतर कप विसळताना मी मावशींना सांगितलं की मला काही वाटत नाही, कशाचंच. हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगत होते. मला वाटलं त्या जवळ घेतील किंवा समजूत घालतील. त्या म्हणाल्या, न्हाई वाटत तर न्हाई, त्यात काय, तो कप नीट धू, खाली साय चिकटलीय. मी पुढच्या महिन्यात परत गेले आणि तेव्हापासून एकही रविवार चुकवला नाही.

घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. आई रविवारी फोन करायची, मी म्हणायचे शिवणाचा क्लास लावलाय.

या वर्षी संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी आईचं हळदीकुंकू होतं म्हणून मी रजा काढून वालूरला गेले. ओसरी भरून बायका आल्या होत्या. मी तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होते. मागच्या गल्लीतली एक सून आली, तिच्या कडेवर पाच वर्षांची मुलगी होती. मुलीच्या डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला होता, कानावर घसरला होता, आणि खाली काय आहे ते मला स्कार्फ न काढताही कळलं. भुवया नव्हत्या.

सून आईजवळ सरकून बसली. बाकीच्या बायका ऐकत होत्या आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट तिला वाटत होतं की ती चांगलंच काही विचारते आहे. मुलीला संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं होतं. पहिलं औषध लागू पडलं, ताप गेला, पोरगी खेळायला लागली, पण डॉक्टर म्हणतात अडीच वर्षं यावं लागेल. दोन तारखा चुकल्या होत्या. सासूचं म्हणणं असं की एवढी मोठी औषधं कशाला, समोरच्या गल्लीत डोळ्यांदेखत दाखला आहे. केस तर बहुतेक गेलेच आहेत, राहिलेले त्याच देवाला देऊन टाकू आणि मोकळं होऊ.

"काकू, तुमी लेकीचे केस कोणत्या देवाला दिले?" तिने विचारलं. "आमी सोमवारी निघायलोत. गावाचं नाव तेवढं सांगा."

आईच्या हातात हळदीची कोयरी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग जमलेल्या बायकांकडे. आणि तिने नाव सांगितलं. विजापूरच्या पुढच्या गावाचं, इतकी वर्षं नसलेलं नाव त्या क्षणी तिच्या तोंडातून आलं. कोणती गाडी, कुठे उतरायचं, हेही सांगितलं. देवाला सोमवार चालतो म्हणाली.

मी काय केलं तेही लिहिते. मी तिळगूळ वाटत राहिले. त्या मुलीच्या हातावरही ठेवला. मी गप्प बसले, आणि बसताना मला वाईट वाटलं असंही म्हणता येत नाही.

बायका गेल्यावर मी आईला म्हणाले, हे काय केलंस. ती ताटं गोळा करत होती. म्हणाली, एवढ्या बायकांत मी काय सांगणार होते? तुझं जिंतूरच्या स्थळाचं बोलणं चालू आहे. आणि देवाला जाऊन कुणाचं वाईट होत नाही. मी म्हणाले, ती पोरगी मरेल. आई ताटं घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंगळीच्या त्या इलेक्ट्रिशियनला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला की उद्या रविवार आहे, बैठकीचाच. बैठक वालूरला घेऊ. "आमी येतो ताई," तो म्हणाला, "पण तुझं तुलाच सांगावं लागेल. आमचं कोण ऐकणार."

रविवारी सकाळी एक जीप करून ते सहा जण आले. मावशीही होत्या. आम्ही त्या सुनेच्या अंगणात जाऊन बसलो. सासू दळण निवडत होती, तिने आम्हाला पाणी द्यायला सांगितलं आणि सूप खाली ठेवलं नाही. मुलगी कोंबडीमागे पळत होती, आता तिने स्कार्फ काढून टाकला होता. इलेक्ट्रिशियनने पँट गुडघ्यापर्यंत वर करून पायावरचा लांब व्रण दाखवला आणि कितव्या वर्षी काय झालं ते सांगितलं. एकेकाने आपापलं सांगितलं. सासू माना हलवत होती. गल्लीतली माणसं दाराशी जमायला लागली होती.

मग मावशी बोलल्या. त्यांचं असं काही मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. "माझं पोरगं असंच खेळायलं होतं," त्या म्हणाल्या. "बरं झालं म्हणून आमी औषध मधीच सोडलं. पाच महिन्यांनी पुन्हा उलटलं. मग डॉक्टरच्या हातात काही राहिलं न्हाई."

सासूचा सुपातला हात थांबला. पण तिने मान हलवली. म्हणाली, तुमी शहरगावचे लोक, तुमचं खरं असेल. आमच्या गावच्या पोरीला तर देवानंच वाचवलं, ही काय तुमच्या शेजारी बसलीय.

आता माझी पाळी होती. मी तयारी करून गेले होते, पण दारात आई येऊन उभी राहिलेली दिसली.

"काकू, मलाबी हाच आजार होता," मी सासूला म्हणाले. "केस औषधानं गेले. आमी कोणत्याच देवाला गेलो न्हाई. अडीच वर्षं मुंबईला जायचो."

"म्हंजे परवा तुझी माय खोटं बोलली का?"

सगळी गल्ली ऐकत होती. "हो," मी म्हणाले. आई पदर डोक्यावर ओढून निघून गेली.

सासूने सुनेकडे बघितलं. तिला खरं वाटलं नव्हतं. पोरगी आईशी भांडून काहीही बोलते, असंही कुणीतरी दारातून म्हणालं. तेवढ्यात गर्दीतून अप्पा आत आले. आईने त्यांना पाठवलं की ते आपणहून आले, हे मला अजून माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही. ते आता थकले आहेत. ते अंगणात उभ्या उभ्याच बोलले.

"पोरगी खरं बोलायलीय. माझं अन् पोराचं डोकं म्या मुंबईत भादरून घेतलं, न्हाव्याला पैसे देऊन. गावानं विचारू नये म्हणून. देवाचं नाव म्या पुढं केलं, देवानं काही मागितलं नव्हतं." मग ते त्या सासूला म्हणाले, "वहिनी, माझ्या खोट्यापायी तुमच्या नातीला मारू नका."

तेवीस वर्षं गाव ज्यांना हात जोडत होतं ते माझे वडील बोलून झाल्यावर खांबाला धरून खाली बसले. कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही. मावशी गेल्या आणि त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

ती सून आणि तिचा नवरा मुलीला घेऊन मंगळवारी निघाले, संभाजीनगरला. मीही गेले, तिनेच चल म्हटलं. जिंतूरच्या स्थळाचा फोन पुन्हा आला नाही. आई माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही, आणि आता बोलते तेव्हाही भाजी काय केली एवढंच बोलते. गावात अप्पांना काही जण टोमणे मारतात. कुणी म्हणतं, देवाच्या नावावर असं करू नये. ते बरोबरच आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी चुकलेल्या तारखांवरून चांगलंच झापलं. पुन्हा तपासण्या होतील, मग काय ते कळेल, म्हणाले. आधी रक्त घ्यायचं होतं आणि सलाईनची सुई लावायची होती. तिची आई खोलीच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसली, माझ्याच्यानं बघवणार न्हाई म्हणाली. बाप औषधाच्या रांगेत होता. म्हणून मी आत गेले.

हाताची शीर सापडत नव्हती. सिस्टर मुलीला म्हणाल्या की काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल. मुलीने माझ्याकडे बघितलं. मी गावची लेक, म्हणून ती मला आत्या म्हणते.

"आत्या, दुखतं का?"

सात वर्षांची असताना मी हे कुणाला विचारलं नव्हतं. तेव्हा पाठीत सुई घालायचे. मी गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडायचे. पहिल्या वेळी मी ओरडले आणि बाहेर उभ्या असलेल्या अप्पांचं रडणं मला आत ऐकू आलं. दुसऱ्या वेळी मी ओरडले नाही. तिसऱ्या वेळी मला युक्ती सापडली, की हे अंग आपलं नाहीच असं धरून चालायचं. सगळे म्हणाले, किती शहाणी पोरगी. ती युक्ती बंद कशी करायची ते मला कुणी सांगितलं नाही, कारण मी ती करते आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

"दुखतं," मी म्हणाले. "लय दुखतं."

ती विचार करत राहिली. "मग मी काय करू?"

"वरड," मी म्हणाले. "जोरात वरड. बाहेर गेलं ऐकू तर जाऊ दे."

सुई आत गेली आणि ती ओरडली. एवढ्याशा छातीतून एवढा आवाज कसा येतो ते मला कळेना. ती थांबली, श्वास घेतला आणि परत ओरडली. सिस्टरनी माझ्याकडे रागाने बघितलं. दार ढकलून तिची आई आत धावली आणि तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं, आणि दोघी मिळून रडायला लागल्या. मला त्यांच्यापासून बाजूला व्हायचं होतं, पण मुलीने माझा अंगठा मुठीत धरला होता आणि ती सोडत नव्हती.

थोड्या वेळाने सिस्टर मला म्हणाल्या, अहो बाई, तुम्ही बसा बघू जरा. मी स्टुलावर बसले. माझी पाठ दुखत होती, कमरेच्या जरा वर, जिथे ती सुई जायची तिथे. मी सिस्टरना तसं सांगितलं.